वास्तुविशारद आणि अंतर्गत सजावटकार : कायद्याने आखलेली सीमारेषा

इमारतीचा आराखडा करणारा तो वास्तुविशारद आणि तिच्या अंतर्भागाची मांडणी करणारा तो अंतर्गत सजावटकार, असा भेद सर्वसाधारणपणे केला जातो. कायद्याने मात्र ही सीमारेषा निराळ्या ठिकाणी आखली आहे. शाळा, समाजमंदिर वा पंचायत कार्यालयाचे नूतनीकरण हाती घेणाऱ्यांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

नामाला संरक्षण

संसदेने १९७२ साली वास्तुविशारद अधिनियम संमत केला. त्यान्वये स्थापन झालेली वास्तुविशारद परिषद अर्हताप्राप्त व्यक्तींची नोंदवही ठेवते. कलम ३७ नुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीस 'आर्किटेक्ट' हे अभिधान लावता येत नाही. केवळ पदवी असून भागत नाही. भूदृश्यरचना व नौकारचना या क्षेत्रांतील अभिधानांना अपवाद करण्यात आला आहे. 'इंटिरिअर आर्किटेक्ट' या अभिधानाला तसा अपवाद नाही.

तथापि हे संरक्षण नामाला आहे, कामाला नव्हे. नोएडा प्राधिकरणातील पदांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी हाच अर्थ स्पष्ट केला. आराखडा वा देखरेख करण्यास नोंदणी नसलेल्यांना कलम ३७ मनाई करीत नाही; मात्र त्यांना ते अभिधान धारण करता येत नाही.

अंतर्गत सजावटीच्या व्यवसायासाठी असा केंद्रीय अधिनियम नाही. या क्षेत्रातील संस्थांचे सदस्यत्व ऐच्छिक असून तो शासकीय परवाना नव्हे.

सजावट कोठे संपते?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये, केवळ अंतर्भागापुरत्या मर्यादित फेरफारांना विकास परवानगीतून सूट आहे. परंतु या सवलतीने इमारतीच्या सुरक्षिततेची जबाबदारी संपत नाही. शाळेच्या दोन खोल्यांमधील भिंत काढून सभागृह करावयाचे ठरले, तर ती भिंत छताचा भार वाहते की केवळ आडोसा आहे, हा प्रश्न सजावटीचा राहत नाही. स्तंभ, तुळई, भारवाहक भिंत वा छत यांना हात लावण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय घेणे आवश्यक समजावे.

काम सोपविताना तीन गोष्टी पाहाव्यात : वास्तुविशारद म्हणविणाऱ्याचा नोंदणी क्रमांक, स्थानिक प्राधिकरणाचे नियम आणि करारात नमूद केलेली जबाबदारी. भिंतीचा रंग पुन्हा बदलता येतो. ढासळलेल्या छताखाली सापडलेल्या मुलांच्या बाबतीत दुसरी संधी नसते.