‘घरी लागलं’ असं सांगू नका

प्रश्न : देहूत भाड्यानं राहतो. तळवड्यात पॉवर प्रेसवर दोन बोटं गेली. ठेकेदार म्हणतो, ‘घरी लागलं असं सांग, नाहीतर कामावर येऊ नको.’ काय करू?

उत्तर : दादा, तसं मुळीच सांगू नका. डॉक्टरांच्या पहिल्याच कागदावर ‘कामावर, प्रेसमध्ये’ असं लिहून घ्या. पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) नोंद तपासा. चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात उपचार मोफत होतात. कामावर जाता येत नाही तोवर सरासरी वेतनाच्या ९० टक्के भत्ता मिळतो, आणि त्या काळात कामावरून काढता येत नाही. बोटांच्या कायमच्या अपंगत्वाचा लाभ वेगळा. त्याचे टक्के मेडिकल बोर्ड ठरवतं. ईएसआय नसेल तर भरपाईसाठी कायदेशीर दावा करा. त्यात ठेकेदाराबरोबर मूळ कंपनीलाही जबाबदार धरता येतं. कोऱ्या कागदावर मात्र सही करू नका.