जहाजांची दुरुस्ती : क्रमाचे गणित

आमचे अण्णा तीस वर्षे जहाजदुरुस्तीच्या एका गोदीत फिटर होते. काम तुंबले की रात्री उशिरा घरी यायचे आणि हातपाय धुता धुता एकच तक्रार करायचे, "माणसं वाढवली, ओव्हरटाइम दिला, पण जहाज काही हलेना." साहेब कामगारांना आळशी म्हणत, कामगार साहेबांना अडाणी. यंदा अर्थशास्त्राच्या तासाला दुर्मिळ साधनांच्या वाटपाचा विषय निघाला तेव्हा मला ही तक्रार आठवली. त्या निमित्ताने जे वाचले व समजले ते येथे मांडते. गणिताची धास्ती असणाऱ्या मित्रमैत्रिणींनी पान उलटू नये. बेरजेपलीकडे यात काही नाही.

जहाजाच्या दुरुस्तीचे दोन भाग पडतात. तळ खरवडणे व रंगवणे, पंखा व त्याचा दांडा, सुकाणू, समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या झडपा ही कामे सुक्या गोदीतच, म्हणजे दार लावून पाणी उपसून टाकल्यावर व्हायची. इंजिन, वायरिंग, आतले सुतारकाम ही जहाज पुन्हा तरंगू लागल्यावर धक्क्याला बांधूनही करता येतात. माणसे महिनाभरासाठी वाढवता येतात, सुकी गोदी वाढवता येत नाही. मुंबईची ह्यूजेस सुकी गोदी १९१४ साली बांधून झाली, सुमारे १००० फूट लांबीची. घाई आहे म्हणून ती दीड हजार फुटांची होत नाही. तेव्हा टंचाई माणसांची की गोदीच्या दिवसांची, हे आधी ओळखायला हवे.

आणि साधायचे काय, हेही. मे १९४२ मध्ये कोरल समुद्रातील लढाईत बॉम्ब लागलेली 'यॉर्कटाउन' ही अमेरिकन विमानवाहू नौका पर्ल हार्बरला आली. पूर्ण दुरुस्तीचा अंदाज तीन महिन्यांचा होता. अ‍ॅडमिरल निमिट्झ यांनी तीन दिवस दिले. सुमारे १४०० कामगार रात्रंदिवस राबले. पण निव्वळ संख्येने हे साधले नाही. "नौका नवीसारखी करा" हे उद्दिष्टच सोडून "ती लढू शकेल एवढी करा" हे धरले, आणि बरेच काम मुद्दाम तसेच ठेवले. ३० मे रोजी ती निघाली, मिडवेला लढली आणि ७ जूनला बुडाली. असो.

आता गणित. १९५४ साली एस. एम. जॉन्सन यांनी अमेरिकन नौदलाच्या एका त्रैमासिकात एक नियम प्रसिद्ध केला. प्रत्येक काम आधी एका ठिकाणी व मग दुसऱ्या ठिकाणी व्हायचे असेल, तर क्रम कोणता लावावा? आपली एक सुकी गोदी आणि धक्क्यावरची एक टोळी आहे असे धरू. तीन जहाजे थांबली आहेत. 'अ'ला गोदीत ६ दिवस व धक्क्यावर २. 'ब'ला ३ व ८. 'क'ला ५ व ६.

आले त्या क्रमाने, म्हणजे अ, ब, क असे घेतले, तर शेवटचे जहाज २३व्या दिवशी सुटते. वाचकांनी कागदावर करून पाहावे. धक्क्यावरची टोळी पहिले सहा दिवस बिड्या ओढत बसते, आणि त्याच वेळी गोदीत ओव्हरटाइम चालू असतो! जॉन्सन सांगतात, ज्याचे गोदीतले काम सर्वांत थोडे ते पहिले, म्हणजे टोळीला लवकर हात घालता येतो. ज्याचे धक्क्यावरचे काम सर्वांत थोडे ते शेवटी. म्हणून ब, क, अ. आता सगळे १९ दिवसांत संपते. एकही माणूस न वाढवता चार दिवस वाचले. याहून कमी शक्यच नाही, कारण धक्क्यावरचे काम एकूण १६ दिवसांचे, आणि पहिले जहाज गोदीतून निघायला किमान ३ दिवस हवेत.

हे मी मोठ्या उत्साहाने अण्णांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला. "अगं, तळाचा पत्रा ठोकून बघितल्याशिवाय सहा दिवस की दहा, ते ठरवणार कोण?" हा आक्षेप रास्त आहे, नियमाला दिवस आधी ठाऊक असावे लागतात. दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. "आणि हे 'अ' म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारी लाँच असली तर? आठव्या दिवशी सुटायची ती तू एकोणिसाव्या दिवशी सोडलीस. तोवर माणसांनी जायचं कसं?"

मी पुन्हा मांडणी केली. ब, अ, क असा क्रम लावला तर सगळे काम २० दिवसांत होते, म्हणजे एकच दिवस जास्त, आणि लाँच १३व्या दिवशी सुटते. 'क'ला मात्र १७ऐवजी २० दिवस लागतात. वीस हा आकडा जॉन्सनच्या नियमाने चुकीचा, पण मला तोच पसंत पडला.

अण्णांनी कागद परत दिला. म्हणाले, "बरोबर आहे. आता 'क'च्या मालकाला सांगायला कोण जाणार?"