छपरावरील सूर्य : राष्ट्रीय धोरण आणि उल्हासनगर कॅम्प १

देशाच्या ऊर्जा नियोजनात राहत्या घराच्या छपराला स्थान मिळाले, ही गेल्या दीड दशकातील महत्त्वाची घटना होय. परंतु ज्या वस्तीत एका छपराखाली अनेक कुटुंबे राहतात, तेथे हे धोरण कसे पोहोचावे, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. उल्हासनगरचा कॅम्प १ हा त्याचा उत्तम नमुना आहे.

१९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले आणि पर्यायी ऊर्जासाधनांचा विचार निकडीचा झाला. १९८१ मध्ये केंद्र शासनाने ऊर्जेच्या अतिरिक्त साधनांसाठी आयोग नेमला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जा विभाग स्थापन झाला आणि १९९२ मध्ये त्याचे मंत्रालयात रूपांतर झाले. महाराष्ट्रात या कार्यासाठी 'महाऊर्जा' ही संस्था अस्तित्वात आली. २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठरविले. २०१५ मध्ये ते १,००,००० मेगावॅटपर्यंत वाढविण्यात आले व त्यांपैकी ४०,००० मेगावॅट छपरांवरून मिळावेत असे ठरले. मुदत संपली तेव्हा छपरांच्या बाबतीत निम्मेही उद्दिष्ट साध्य झाले नव्हते.

याचे कारण उघड आहे. राजस्थानातील भाडला येथे विस्तीर्ण माळरानावर सौर प्रकल्प उभारताना थोड्या पक्षांशी करार करावे लागतात. छपरांच्या बाबतीत मात्र लक्षावधी घरमालकांची संमती, त्यांचे भांडवल आणि त्यांचा विश्वास मिळवावा लागतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' जाहीर झाली. एक कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद तीत आहे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० व तिसऱ्यासाठी १८,००० असे घरामागे जास्तीत जास्त ७८,००० रुपये साहाय्य मिळते. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी ते किलोवॅटला १८,००० रुपये आहे.

आता कॅम्प १ कडे वळू. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासितांना आश्रय देण्यात आला आणि १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींच्या जागी पुढे चाळी आल्या, दुकाने आली आणि बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. अवघ्या तेरा चौरस किलोमीटरच्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर होती.

उदाहरणादाखल वीस कुटुंबांच्या एका इमारतीचा हिशेब मांडू. गच्ची २,००० चौरस फुटांची असली, तरी पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली व सावली वगळता निम्मीच उपयोगी पडेल. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते, म्हणजे दहा किलोवॅटची यंत्रणा बसेल. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरल्यास महिन्याला सुमारे १,२०० युनिट वीज मिळेल. वीस घरांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ६० युनिट येतील. तीच वीज पाण्याचा पंप, उद्वाहन व जिन्यातील दिव्यांसाठी वापरली, तर संस्थेचा मासिक खर्च लक्षणीय घटेल आणि १,८०,००० रुपयांचे साहाय्यही मिळू शकेल. दाट वस्तीत वैयक्तिक यंत्रणेपेक्षा सामाईक यंत्रणा श्रेयस्कर ठरते, ती यामुळे.

तथापि यापूर्वी दोन प्रश्नांचा निर्णय झाला पाहिजे. पहिला, गच्ची कोणाची? संस्थेची नोंदणी व जागेचे अभिहस्तांतरण झालेले नसेल, तर सामाईक करार करणे कठीण जाते. येथील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्याने २००६ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला, यावरून या प्रश्नाची व्याप्ती लक्षात यावी. दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे : गच्ची भार सोसेल काय? मे २०२१ मध्ये शहरातील दोन इमारतींचे स्लॅब कोसळून रहिवासी मृत्युमुखी पडले. सौर पट्ट्यांचे वजन फार नसले, तरी वादळी वाऱ्याचा ताण सांगाड्यातून स्लॅबवर येतो. शिवाय पट्ट्यांचे आयुष्य सुमारे पंचवीस वर्षांचे असते. पाच वर्षांत पाडावयाच्या इमारतीवर त्या बसविण्यात शहाणपण नाही.

म्हणून येथे क्रम असा असावा : प्रथम संरचनात्मक तपासणी, नंतर मालकीची कागदपत्रे, त्यानंतर महावितरणकडे अर्ज. पुनर्विकास होणार असेल, तर नव्या नकाशातच गच्चीवर सौर यंत्रणेसाठी जागा राखून ठेवावी. ज्यांना छप्परच नाही, त्यांच्यासाठी आभासी नेट मीटरिंगचा मार्ग आहे. यात यंत्रणा दुसरीकडे असते व तिच्या विजेची वजावट सहभागी कुटुंबांच्या बिलांत होते. राष्ट्रीय योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत या पद्धतीचा समावेश आहे. कॅम्प १ सारख्या वस्त्यांना तिचा लाभ सर्वांत अधिक होण्याजोगा आहे.

राष्ट्रीय उद्दिष्टे मेगावॅटमध्ये मोजली जातात, ती पूर्ण होतात मात्र गच्चीगच्चीवर. ज्या वस्तीने छावणीतून शहर उभे केले, तिला सूर्यप्रकाशाचा वाटा मिळवून द्यावयाचा असेल, तर आधी तिच्या डोक्यावरील छप्पर भक्कम आणि हक्काचे झाले पाहिजे. ऊर्जा नियोजन आणि गृहनिर्माण यांचा विचार एकत्रच व्हावयास हवा, हा कॅम्प १ चा धडा आहे.