छळ पाहणाऱ्या मुलाला बोलते कसे करावे?

शाळेत किंवा गल्लीत एखाद्या मुलाला रोज चिडवले जाते, ढकलले जाते, त्याचा डबा पळवला जातो. सोलापुरात एकाच वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुले असतात. कुणाची बोली, कुणाचा रंग, कुणाची जात, कुणाच्या वडिलांचे काम चेष्टेचा विषय होते. ही गंमत नव्हे, छळ आहे. अशा मुलाचे सकाळी पोट दुखते, डोके दुखते, झोप उडते, शाळा नकोशी होते.

छळ चालू असताना बाकीची मुले काय करतात? कॅनडातील शाळांच्या मैदानांवर झालेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. छळाच्या दर दहा प्रसंगांपैकी जवळजवळ नऊ प्रसंगी इतर मुले तिथे हजर होती. मध्ये पडली ती फक्त दोनेक प्रसंगी. पण ती मध्ये पडली तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. म्हणजे बघणाऱ्या मुलाच्या हातात मोठी ताकद असते.

मग मुले गप्प का राहतात? "उद्या माझ्यावर येईल" ही भीती असते. "मला जमणार नाही" असेही वाटते. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडले, की आपल्याला एखादी गोष्ट जमेल असा विश्वास असेल तरच माणूस तिला हात घालतो. हा विश्वास लहान-लहान यशातून, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहून आणि जवळच्या माणसाने धीर दिल्याने वाढतो.

म्हणून नाती महत्त्वाची. घरी ज्याचे ऐकून घेतले जाते, ज्याला एक तरी खरा मित्र आहे, ज्याला शिक्षक नावाने ओळखतात, ते मूल पाठीशी कुणी आहे म्हणून बोलू शकते. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागे, शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. त्याच शाळेतले एक शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या शिदोरीतली भाजी-भाकरी त्यांना देत. त्या भाकरीची गोडी बाबासाहेबांनी पुढे मोठेपणी सांगितली. एका माणसाचा आधार मुलाला किती पुरतो, हे यावरून कळते.

मात्र नुसता आत्मविश्वास पुरत नाही. दादागिरी करणाऱ्यातही तो असतो. दुसऱ्याचे दुःख जाणणारी करुणा सोबत हवी. आपलेच मूल त्रास देते असे कळले तर मारू नका. मार खाल्लेले मूल मारायलाच शिकते. शांतपणे विचारा, माफी मागायला लावा, लक्ष ठेवा.

मुलांना हे शिकवा :

१. हसू नका, व्हिडिओ काढू नका, पुढे पाठवू नका.
२. त्रास होणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. "चल, आपण जाऊ" एवढेच म्हटले तरी पुरे.
३. एकट्याने नको, दोघा-तिघांनी मिळून जा.
४. मारामारी किंवा हत्यार असेल तर मध्ये पडू नका, धावत मोठ्या माणसाला बोलवा.
५. त्याच दिवशी घरी किंवा शिक्षकांना सांगा. ही चुगली नव्हे.

ही वाक्ये घरी म्हणून घ्या. रविवारी विहारात मुले जमतात तेव्हा छोटा प्रसंग करून दाखवायला लावा. तोंडाला सवय झाली की ऐनवेळी शब्द सुचतात. कारखान्यातून, धुण्याभांड्यांच्या कामावरून दमून आलात तरी जेवताना दहा मिनिटे विचारा, "आज कुणाला त्रास झाला का? तू काय केलंस?" मुलाने सांगितले तर आधी शाबासकी द्या, उपदेश नंतर.

शाळेत तक्रार लेखी द्या व पोच घ्या. सतत उदास, गप्प किंवा स्वतःला इजा करण्याचे बोलणारे मूल असेल तर थांबू नका. सरकारी दवाखान्यातील किशोरवयीनांसाठीचे मैत्री क्लिनिक किंवा सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग गाठा. टेलिमानस १४४१६ वर मोफत बोलता येते, मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही नंबर आजच घरात भिंतीवर लिहून ठेवा.