काळ्या-पांढऱ्या फोटोवर बारीक रेषा? हेड क्लीनिंग मारायच्या आधी हे बघा



उद्या तेरवी, आणि आज संध्याकाळी गिऱ्हाईक आजोबांचा काळा-पांढरा फोटो ए४ मध्ये मागते. प्रिंट निघते, अन् आजोबांच्या कपाळावर केसासारख्या आडव्या रेषा! लग्नाच्या रंगीत फोटोत त्या लपून जातात, इथं नाही लपत. दुकान नवीन होतं तेव्हा मी क्लीनिंगवर क्लीनिंग मारत बसलो. शाई गेली, वेस्ट पॅड भरत आला, रेषा तशाच. दोष प्रिंटरचा नव्हताच, फाइलचा होता.

म्हणून आधी हे करा. फोटोचा तोच भाग ४×६ वर दोनदा काढा, एकदा सरळ, एकदा ९० अंश फिरवून. रेषा चेहऱ्यासोबत फिरल्या तर दोष फाइलमध्ये. हेड ज्या दिशेनं धावतो त्याच दिशेत राहिल्या तर प्रिंटरमध्ये.

फाइलचा दोष बहुतेक व्हॉट्सॲपवरून येतो. तिथं फोटो दाबला जातो आणि फिकट छटांच्या पायऱ्या पडतात. मूळ फोटो दुकानात मागवा, १६ बिटमध्ये स्कॅन करा. ते जमत नसेल तर फोटोशॉपमध्ये अगदी थोडा नॉइज टाका, पायऱ्या मोडतात.

प्रिंटरचा दोष असेल तर नोझल चेक काढा, आणि तो उजेडात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली पिवळ्या रेषा तुटलेल्या कळत नाहीत. आता इथं नीट लक्ष द्या. एल८०५, एल१८०० अशा सहा रंगांच्या मशीनमध्ये राखाडी शाई नसते, फिकट राखाडी छटा रंगांच्या मिश्रणातून बनते. त्यामुळे मॅजेंटाचं नोझल बंद असेल तर रेष हिरवट येते, सायनचं असेल तर लालसर, पिवळ्याचं असेल तर निळसर. रेषेचा रंगच सांगतो कुठं अडलं ते. मग क्लीनिंग, पण दोन-तीनदाच. तरी सुटलं नाही तर मशीन रात्रभर बंद ठेवा, सकाळी पुन्हा चेक काढा.

नोझल सगळे चालू, तरी रेषा? मग कागद सरकण्याची गडबड. पांढरी रेष म्हणजे कागद जास्त सरकतो, काळपट म्हणजे कमी. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर आहे का बघा (ग्लॉसी टाकून प्लेन पेपर निवडलेला मी कितीदा पाहिला!), हाय स्पीड बंद करा, क्वालिटी वाढवा, मग हेड अलाइनमेंट.

आणि आपल्या वऱ्हाडातलं एक. अकोल्यात, अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, नोझलमध्ये शाई लवकर सुकते. त्या दिवसांत काम नसलं तरी एक दिवसाआड एक रंगीत पान काढाच. मशीन कूलरच्या झोताखाली ठेवू नका, कागद ओल धरून फुगतो, आणि फुगलेला कागद हेडला घासतो.