मोटारीतील विद्युत्-थ्रॉटलचे बिघाड व त्यांची परीक्षा

कापूस व तूर घेऊन अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारास निघालेली गाडी मूर्तिजापूरच्या वाटेवर एकाएकी मंदावते. समोरचा इंजिनचा दिवा लागतो आणि पेडल कितीही दाबले तरी वेग वाढत नाही. अशा वेळी इंजिन निकामी झाले असे पुष्कळांस वाटते. परंतु बहुधा तसे नसते.

जुन्या गाडीत पेडलापासून थ्रॉटलपर्यंत तार जात असे. नव्या गाडीत पेडलापाशी दोन संवेदक असतात. त्यांचा संदेश नियंत्रक पेटीस मिळतो व तिच्या हुकमाने एक लहान मोटर थ्रॉटलची झडप फिरविते. (डिझेल गाडीत हा संदेश मुख्यत्वे इंधनाचे प्रमाण ठरवितो.) दोन्ही संवेदकांचे सांगणे जुळेनासे झाले की गाडी बेफाम सुटू नये म्हणून पेटी स्वतःच शक्ती कमी करते.

गाडी रस्त्याच्या कडेस घेऊन प्रथम बॅटरीची टोके पाहावीत; ती सैल वा गंजलेली असल्यास असे खोटे दोष दिसतात. मग पेडल व थ्रॉटल यांच्या तारांचे जोड तपासावेत. कापसाच्या कोठाराजवळ गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत काय हे अवश्य पाहावे. पेट्रोल गाडीत झडपेवर काजळी साचूनही ती अडकते. किल्ली चालू असता झडपेत बोट कदापि घालू नये.

यानंतर कारागिराकडून स्कॅनर लावून घ्यावा. ‘पी २१३५’ हा संकेत बहुधा थ्रॉटलच्या, तर ‘पी २१३८’ पेडलाच्या संवेदकांतील विसंगती दाखवितो. संकेतावरून विद्युत्-मार्ग कळतो, सदोष भाग नव्हे. म्हणून जोड व तारा तपासल्यावाचून महागडा थ्रॉटल बदलण्यास संमती देऊ नये.