मडक्यावर आपलं नाव: अक्षरांचा शिक्का कसा करून घ्यायचा?

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात माठ विकला जातो, पण तो कुणी घडवला हे गिऱ्हाइकाला पुढच्या वर्षी आठवत नाही. म्हणून आपल्या उमापूरचं नाव मालावर कसं उमटवायचं ते बघू.

मातीसाठी साचा आपल्याकडे नवा नाही. गोरोबाकाकांच्या तेरला, लामतुरे संग्रहालयात, सातवाहन काळातल्या साच्यातून काढलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. आता साचा कोरायला छोटं सीएनसी मशीन मिळतं. संगणकावर काढलेलं अक्षर त्याचं फिरतं पातं लाकडात किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये कोरतं.

चार गोष्टी लक्षात ठेवा.

१. अक्षर उलटं हवं. कागदावर नाव लिहा, उजेडात धरून मागून बघा. तसं शिक्क्यावर असेल तरच मातीत सुलटं येतं.

२. अक्षर साधं आणि जाड ठेवा. बारीक उकारात माती अडकते. कोरलेली खाच वर रुंद, तळाला अरुंद असली की माती सहज सुटते.

३. माती आकसते. ओल्या पट्टीवर १०० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करा. भाजल्यावर ९० भरलं, तर ४५ मिलिमीटर लांब नावासाठी शिक्का ५० चा लागेल.

४. वेळ साधा. थापटणं संपलं, बोट रुतत नाही पण नख उमटतं, तेव्हा शिक्क्याला कोरडी राख लावून दाबा. आतून हाताचा आधार द्या. वाळल्यावर दाबलं तर तडा जातो.

पण यासाठी गटाचं कर्ज काढून मशीन घेऊ नका. आधी मातीच्या गोळ्यावर सुईने उलटं नाव कोरून भाजा आणि वापरून बघा. जमलं की कोरून देणाऱ्याकडून एकच शिक्का करून घ्या. समजा तो ५०० रुपयांना पडला आणि २५० माठांवर वापरला, तर माठामागे २ रुपये.

आता महत्त्वाचं: नाव कुणाचं? माती मळणं, भट्टी रचणं, बाजारात बसणं यात ताईचा घाम असतो. मग शिक्क्यावर फक्त घरच्या कर्त्या पुरुषाचंच नाव का? बैठकीत चर्चा करा, ठरावात लिहा. आणि एक ध्यानात ठेवा, गळका माठसुद्धा आपल्याच नावाने ओळखला जाईल. म्हणून ठोकून, पाणी भरून बघा, मगच विकायला काढा.